कळ, चमक आणि ठणका



हैदराबादी मराठी मंडळींची ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते हाडाचे शिक्षक होते. शिक्षकाच्या नावाने भरलेल्या सभेत डॉक्टरला बोलावणं म्हणजे थोडी जोखीमच. डॉक्टरला माणूस पाच मिनिटांत उरकायची सवय असते. संयोजकांनी मला पन्नास मिनिटं दिली आहेत. एवढा वेळ मी उभ्या जन्मात एकाही पेशंटला दिलेला नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘वैद्यकीय शब्द सोप्या मराठीत’. हा विषय ऐकला की लोकांना वाटतं, डॉक्टर एकेक इंग्रजी शब्द घेणार आणि त्याला मराठी शब्द सांगणार. तसं काही मी करणार नाही. कारण शब्द मराठी झाला म्हणजे तो कळला, असं मुळीच नाही. आणि शब्द इंग्रजी आहे म्हणून तो कळत नाही, असंही नाही. ‘शुगर’ कुणाला कळत नाही? आणि ‘मस्तिष्कावरणशोथ’ या सभागृहात किती जणांना कळतो? हात वर करा. बघा, अध्यक्षांनीसुद्धा केला नाही.

एक गोष्ट सांगतो. माझ्या चुकीची आहे, म्हणून नीट लक्षात राहिली. साधारण तीस वर्षांपूर्वीची. देगलूरकडचा एक शेतकरी, साठीच्या पुढचा, उपचारांसाठी इकडे आला होता. नांदेड, देगलूर, किनवट इकडची माणसं मोठं दुखणं झालं की मुंबईपेक्षा हैदराबादची गाडी धरतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पायांना सूज, चार पावलं टाकली की धाप, रात्री आडवा झाला की जीव गुदमरायचा, म्हणून भिंतीला टेकून बसून झोपायचा. तपासलं, फोटो पाहिला आणि बाहेर व्हरांड्यात मुलाला सांगितलं, ‘‘वडिलांना हार्ट फेल्युअर आहे.’’ एवढं बोलून मी पुढच्या वॉर्डात गेलो.

पाच मिनिटांत मागे आक्रोश. म्हातारीनं कपाळ बडवून घेतलं होतं. मुलगा खाली एसटीडी बूथवर गावाकडं फोन लावत होता, सोयऱ्यांना निघायला सांगत होता. आणि पेशंट कॉटवर बसून बशीत ओतलेला चहा पीत होता. मला बघून त्यानं विचारलं, ‘‘साहेब, कोण गेलं?’’

चूक कुणाची? मुलाची? त्यानं आयुष्यभर वर्तमानपत्रात वाचलं होतं, अमुक तमुक यांचे हार्ट फेलने निधन. गावात कुणी अचानक गेला की म्हणतात, ‘हार्ट फेल झालं.’ त्याच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ एकच होता, मरण. माझ्या पुस्तकात त्याच शब्दाचा अर्थ होता, हृदय नावाचा पंप थकलाय. बंद पडलेला नाही, थकलाय. तो पुरेसं रक्त पुढे ढकलू शकत नाही, म्हणून पाणी मागे तुंबतं, पायांत उतरतं, फुप्फुसांत साठतं आणि धाप लागते. लघवी वाढवणाऱ्या गोळीनं ते पाणी कमी होतं. मीठ कमी करायचं, रोज सकाळी वजन करायचं आणि दोन-तीन दिवसांत एकदम दोन किलो वाढलं तर डॉक्टरकडे यायचं. एवढं सांगायला दीड मिनिट लागतं. त्या दिवशी मी ते दीड मिनिट वाचवलं होतं. तो शेतकरी त्यानंतर सहा वर्षं जगला आणि दर संक्रांतीला मला ज्वारी पाठवत राहिला.

तेव्हापासून मी तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगतो. तुम्हीही तशाच लक्षात ठेवा. अटॅक म्हणजे नळी तुंबणं, हृदयाला रक्त पुरवणारी नळी बंद होते आणि हृदयाच्या स्नायूचा एक तुकडा उपाशी मरू लागतो. फेल्युअर म्हणजे पंप थकणं, यात माणूस वर्षानुवर्षं जगू शकतो. अरेस्ट म्हणजे पंप थांबणं, माणूस जागीच कोसळतो, हाक मारली तर ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही. तिथे त्याच क्षणी छातीच्या मध्यावर जोरजोरात दाब द्यायला सुरुवात करायची आणि दुसऱ्यानं रुग्णवाहिका बोलवायची. आमची वर्तमानपत्रं या तिन्हींना एकाच शब्दात गुंडाळतात, ‘हृदयविकाराचा झटका’. नळी, पंप आणि थांबणं, तिन्ही एकाच पोत्यात.

असे आणखी किती शब्द आहेत! ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ ऐकून पेढे वाटणारा माणूस मी पाहिलाय. ‘क्रॉनिक’ म्हटलं की लोकांना वाटतं भयंकर. क्रॉनिक म्हणजे जुनाट, लांबलेला. सर्दीसुद्धा क्रॉनिक असते. ‘अक्यूट’ म्हणजे अचानक, थोड्या काळात आलेला. पण आमच्या परिभाषाकारांनी अक्यूटला ‘तीव्र’ हा शब्द दिला आणि गोंधळ घातला. तीव्र म्हणजे जोराचा, अक्यूट म्हणजे ताजा. ताजा आजार सौम्य असू शकतो आणि जुनाट आजार जीव घेऊ शकतो. भाषांतर करताना एक शब्द चुकला की अर्थाची सगळी रांग चुकते.

आणि ‘बीपी’? ‘मला बीपी आहे’ असं लोक सांगतात. अहो, बीपी सगळ्यांनाच असतं, नसेल तर आम्ही दाखला लिहून देतो. बीपी म्हणजे रक्ताचा नळीच्या भिंतीवरचा दाब. वरचा आकडा हृदय आवळतं तेव्हाचा, खालचा ते सैलावतं तेव्हाचा. शांत बसून, वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तो १४०-९० च्या वर राहिला तर त्याला उच्च रक्तदाब म्हणायचं. त्याचं दुखणं जाणवत नाही, हीच त्याची खोड. डोकं दुखत नाही म्हणून गोळी बंद करणारे अर्धांगाच्या वॉर्डात भेटतात.

आता गाडी उलट्या दिशेनं नेतो. आतापर्यंत डॉक्टरचा शब्द पेशंटला कसा कळत नाही ते सांगितलं. पेशंटचा शब्द डॉक्टरला कळतो का?

एक म्हातारी. इथेच, एका दवाखान्यात. कुठल्या ते सांगत नाही. नातवाबरोबर आलेली. तिनं सांगितलं, ‘‘छातीवर धोंडा ठेवल्यावाणी झालंय, माय.’’ नातू शहरात वाढलेला, आजीच्या बोलीची त्याला लाज वाटत असावी. त्यानं वॉर्डबॉयला हिंदीत सांगितलं, ‘‘दादी को गॅस का प्रॉब्लेम है.’’ वॉर्डबॉयनं नर्सला तेलुगूत सांगितलं आणि नर्सनं कागदावर इंग्रजीत लिहिलं, गॅस्ट्रायटिस. चार भाषांमधून उतरता उतरता धोंड्याची हवा झाली! मी योगायोगानं शेजारच्या खाटेपाशी होतो आणि धोंडा ऐकला होता, म्हणून ईसीजी काढायला लावला. अटॅक होता. छातीवर धोंडा, छाती आवळल्यासारखी, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, सोबत घाम, हे ऐकून ज्या डॉक्टरचे कान टवकारत नाहीत त्यानं स्टेथोस्कोप खुंटीला अडकवावा. आणि ‘गॅस’? या देशात गॅसच्या नावाखाली किती अटॅक घरी झोपवले गेले असतील, देव जाणे.

आपल्या आज्यांकडे दुखण्याचे जे शब्द आहेत ते निदानाचे शब्द आहेत. हे मी भाषाप्रेमापोटी बोलत नाही, डॉक्टर म्हणून बोलतोय. कळ ही येते आणि जाते. मूतखड्याची कळ, पित्ताच्या खड्याची कळ आणि बाळंतपणाच्या कळा. पोकळ नळी आवळून आतलं काहीतरी पुढे ढकलत असते तेव्हाची ती वेदना. मुरडा आतड्याचा, त्याच्या मागोमाग धावत जावं लागतं. ठणका नाडीबरोबर वाजतो, ठण, ठण. दाढेच्या मुळाशी किंवा बोटाच्या टोकाशी पू धरला की ठणकतं. ठणका असेल तर ती जागा मोकळी करावी लागते, नुसत्या मलमानं भागत नाही. चमक एका क्षणाची, वीज चमकावी तशी, बहुधा स्नायूची किंवा नसेची. उसण पाठीत भरते, वाकताना. जळजळ आम्लाची. ठुसठुस गळवाची, सल खोल रुतलेल्या काट्याचा, वांब पोटरीचा, मुंग्या दबलेल्या नसेच्या. इंग्रजी शाळेत शिकलेला नातू या साऱ्याला ‘पेन’ म्हणतो. आणि मग डॉक्टर त्याला विचारतो, ‘‘कसलं पेन?’’ त्याला सांगता येत नाही!

तापाचं बघा. कसर आहे, कणकण आहे, ताप आहे, तापानं फणफणलाय. थर्मामीटर हातात न घेता आईनं काढलेले हे चार आकडे आहेत.

किंवा चक्कर. हैदराबादच्या कुठल्याही फायलीवर तुम्हाला एक शब्द हमखास दिसेल, ‘गिडीनेस’. त्यातून काय कळतं? काहीही नाही. पण बाई म्हणाली, ‘‘खोली गरगर फिरते,’’ तर मी कानाकडे बघतो, कारण तोल सांभाळणारं यंत्र आतल्या कानात असतं. ‘‘उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते,’’ म्हणाली तर बीपी आधी झोपवून आणि मग उभं करून मोजतो. ‘‘चालताना झोक जातो,’’ म्हणाली तर मेंदूचा आणि पायांच्या नसांचा विचार करतो. ‘‘भोवळ येऊन पडले, काही आठवत नाही,’’ म्हणाली तर हृदयाचे ठोके तपासतो. गरगरणं, अंधारी, झोक आणि भोवळ, हे चार वेगळे रस्ते आहेत. मराठीत ते चौरस्त्यावरच वेगळे होतात. इंग्रजीत मात्र ‘गिडीनेस’ म्हणून सगळे एकाच गल्लीत शिरतात.

अर्थात आपल्या शब्दांतही गफलती आहेतच, नुसती पाठ थोपटून घेण्यात अर्थ नाही. काळीज कुठे असतं? कवीला विचारा, तो छातीवर हात ठेवेल. खाटकाला विचारा, तो यकृत कापून तराजूत टाकेल. दोघेही शुद्ध मराठी बोलतात! उर्दूतल्या जिगरची तीच गत. त्यामुळे ‘काळजात दुखतंय’ असं कुणी म्हणालं की मी आधी म्हणतो, ‘‘बोट ठेवून दाखवा.’’

आता या शहराकडे वळतो. वैद्यकीय शब्दांचा जेवढा मोठा प्रयोग या शहरात झाला तेवढा हिंदुस्थानात क्वचितच दुसरीकडे झाला असेल. १९१७ साली निजामाच्या फर्मानानं उस्मानिया विद्यापीठ ठरलं, १९१८ मध्ये ते स्थापन झालं आणि माध्यम ठेवलं उर्दू. देशी भाषेतून सर्वोच्च शिक्षण द्यायचं! त्यासाठी दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, उभा राहिला. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. शेकडो ग्रंथांचं उर्दूत भाषांतर झालं, शब्द घडवण्यासाठी विद्वानांच्या समित्या बसल्या. अरबी धातूवरून शब्द पाडायचा की लोकांच्या बोलीतला उचलायचा, यावर कडाक्याचे वाद झाले. पुढे वैद्यकीय महाविद्यालयातही शिकवणं उर्दूतून होऊ लागलं. तसं पाहिलं तर १८४६ साली सुरू झालेल्या इथल्या वैद्यकीय शाळेत आधी उर्दू, मग १८८० च्या दशकात इंग्रजी, मग पुन्हा उर्दू आणि १९४८ नंतर पुन्हा इंग्रजी. एका संस्थेनं तीनदा भाषा बदलली!

त्या प्रयोगाला हसणारे आज बरेच आहेत. मी त्यांच्यात नाही. त्या काळात उर्दूतून शिकलेले एक ज्येष्ठ डॉक्टर माझ्या उमेदवारीच्या दिवसांत मला गुरुस्थानी होते. शरीरशास्त्राचे भारदस्त अरबी शब्द त्यांना तोंडपाठ होते. पण पेशंटसमोर त्यातला एकही शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. तिथे ते अस्सल दखनी बोलत. ‘‘अम्मा, आपके दिल का पंप जरा थक गया. नमक को सलाम करो.’’ झालं. मला पुढे देगलूरच्या शेतकऱ्याला जे दीड मिनिटात सांगावं लागलं असतं, ते त्यांनी दोन वाक्यांत बसवलं होतं. परिभाषा विद्यार्थ्यासाठी असते, व्याख्या रोग्यासाठी असते. मी आज जे बोलतोय ते सगळं या एका वाक्यात आहे, आणि ते वाक्य मी त्यांच्याकडे बघून शिकलो.

उस्मानियाची अडचण दुसरीच होती. निजामाच्या राज्यातली बहुसंख्य रयत तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी होती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे आपले तेव्हाचे पाच जिल्हे त्यातच. बीडच्या बाळंतिणीला अरबी धातूवरून पाडलेला शब्द काय आणि लॅटिन काय, सारखंच.

आपण मराठीत वेगळं काय केलं? १८६० च्या दशकात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठीतून वैद्यक शिकवायचे वर्ग निघाले होते, तो धागा पुढे तुटला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर कोश झाले, विश्वकोश झाला, कामं मोठ्या कष्टानं आणि निष्ठेनं झाली. थायरॉइडला अवटू ग्रंथी, पिट्युइटरीला पोष ग्रंथी, अड्रीनलला अधिवृक्क. कोशात ते शब्द शोभतात. पण ज्या बाईला ‘थायरॉइड आहे’ तिला ‘अवटू आहे’ सांगून काय मिळेल? तिला सांगा, ‘‘गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. ती शरीराची गती ठरवते. तुमची ती मंद झालीय, म्हणून वजन वाढतं, थंडी वाजते, मलावरोध होतो, थकवा येतो. तिच्यातून जे स्रवायला हवं ते आपण गोळीतून देतोय, सकाळी उपाशीपोटी.’’ शब्द थायरॉइडच राहिला तरी हरकत काय?

आणि जिथे शब्द जमलाय तिथे काय नामी जमलाय! रक्तपेढी घ्या. पेढी म्हणजे ठेव ठेवायची आणि गरजेला काढायची जागा, समजावून सांगावं लागत नाही. लस घ्या. देवीच्या फोडातून झिरपणारी ती चिकट लस, तिच्यावरून हा शब्द आला आणि आज कोरोनापर्यंत पोचला. आणि माझा सर्वांत लाडका शब्द, भूल. ऑपरेशनच्या आधी भूल देतात. वेदनेचा विसर, शुद्धीचा विसर, थोडी मोहिनीसुद्धा. जगातल्या कुठल्या भाषेत या क्रियेला इतका गोड शब्द आहे, मला माहीत नाही.

भुलीवरून आठवलं. भुलीच्या इतिहासात आपल्या हैदराबादचं नाव आहे. १८८८ आणि १८८९ मध्ये इथे दोन क्लोरोफॉर्म कमिशनं बसली. क्लोरोफॉर्मनं माणूस दगावतो तो आधी श्वास थांबून की आधी हृदय थांबून, हा प्रश्न होता. इथल्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी म्हणत, श्वास. निजामानं पैसे दिले, लंडनच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकाचा माणूस बोलावला, प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला, आधी श्वासच. पुढे तो निष्कर्ष पुरता खरा नाही असं ठरलं, भुलीत हृदयही आधी दगा देऊ शकतं. पण ‘भूल देणाऱ्यानं श्वासावर नजर ठेवावी’ ही शिकवण राहिली. त्या काळात इथे क्लोरोफॉर्म देणाऱ्या रूपाबाई फर्दूनजी यांचं नाव जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून घेतलं जातं. इथे बसलेल्या मुलींनी ते नाव लक्षात ठेवावं.

आता एक अवघड मुद्दा. नाव कळतं, पण नावच चुकीचं असतं तेव्हा काय करायचं?

मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थ इटालियनमध्ये ‘वाईट हवा’. दलदलीतल्या दुर्गंधी हवेनं हा ताप येतो, अशी समजूत होती. ती समजूत कुठे मोडली? इथे, आपल्या सिकंदराबादेत. २० ऑगस्ट १८९७ रोजी लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना बेगमपेटजवळच्या आपल्या लहानशा प्रयोगशाळेत, हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावलेल्या डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. एका डासाला चावू दिलं की एक आणा, असा त्या हुसेन खानचा रोज होता. १९०२ साली रॉसना नोबेल मिळालं. हवा निर्दोष सुटली, पण नाव मात्र ‘वाईट हवा’ तेच राहिलं. मराठीत काय म्हणतात? हिवताप. तेलुगूत चलिज्वरम. उर्दूत तप-ए-लर्जा, कापरं भरवणारा ताप. तिन्ही देशी नावांनी कारण सांगायचा आव आणला नाही, जे दिसलं ते सांगितलं, आधी हीव, मग ताप. म्हणून ती खोटी पडली नाहीत.

याच्या उलट अर्धांगवायू. मराठवाड्यात म्हणतात, ‘वारं गेलं’. तेलुगूत पक्षवातम, पुन्हा वातच. ज्यात वारं शिरलं त्यातून ते काढायला हवं, म्हणून तेल चोळायचं, कबुतराचं रक्त लावायचं, अमक्या गावची पुडी आणायची. या एका शब्दानं किती हात कायमचे लुळे केले असतील! तिथे वारं नसतं. मेंदूला रक्त नेणारी नळी तुंबलेली असते किंवा फुटलेली असते. तुंबलेली असेल तर गुठळी विरघळवणारं औषध आहे, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात गळालेला, बोलणं बोबडं, यातलं एक जरी एकाएकी दिसलं तर घड्याळ बघा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं मोठं हॉस्पिटल गाठा. तेल नंतर लावा, हवं तर.

काचबिंदूचंही तसंच. मोतीबिंदूचा तो धाकटा भाऊ असावा असं नावावरून वाटतं. मोतीबिंदू ‘पिकू द्यायची’ जुनी सवय, म्हणून लोक काचबिंदूही पिकायची वाट बघतात. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं, गेलेली दृष्टी परत येते. काचबिंदूत डोळ्याची मुख्य नस हळूहळू मरते, बहुतेकदा डोळ्यातल्या वाढलेल्या दाबामुळे, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली तेवढी राखता येते. १९८७ पासून एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था ज्या शहरात आहे तिथे या नामसाधर्म्यापायी कुणी आंधळं व्हावं, ही शरमेची गोष्ट आहे. आणि नागीण! तिची दोन टोकं जुळली की माणूस मरतो म्हणे. जुळत नाहीत आणि मरत नाही. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसेत दडून राहतो आणि उतारवयात त्या नसेच्या पट्ट्यावर उठतो, म्हणून पुरळ शरीराच्या एकाच बाजूला येतं.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, नावं बदलून टाका. नाही बदलत नावं. पटकीला आपण मरीआई म्हटलं, सिकंदराबादच्या महांकाळीच्या बोनालू उत्सवाची कथाही पटकीच्या साथीशीच जोडून सांगतात. लोक नाव ठेवतात ते भीतीला हात जोडायला. उलट नल्लाकुंट्याचं फीव्हर हॉस्पिटल बघा. सरकारी पाटीवर रोनाल्ड रॉसांचं नाव आहे. रिक्षावाल्याला सांगून बघा, तो डोकं खाजवेल. ‘कोरंटी’ म्हणा, थेट नेऊन सोडेल. पूर्वी साथीच्या रोग्यांना तिथे वेगळं ठेवत, त्या क्वारंटाईनची या शहरानं कोरंटी केली. २०२० साली सगळा देश तो शब्द नव्यानं शिकत होता, आपल्याकडे तो शंभर वर्षं रिक्षावाल्यांच्या तोंडी होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, शब्द लोकांनाच ठरवू द्या, त्यामागचं वाक्य तेवढं खरं द्या. चांगलं वाक्य कुठलं? ज्यात तीन गोष्टी येतात ते. कुठे बिघडलंय, काय बिघडलंय आणि मी उद्या सकाळी काय करायचं. तिसरी नसेल तर व्याख्या कोशात जाऊ द्या.

दोन नमुने देतो आणि थांबतो. ‘रक्त कमी आहे’ असं बायकांना सांगितलं जातं, मग त्या म्हणतात, बाटली चढवा. रक्त कमी नसतं हो, पातळ असतं. दुधाचं भांडं तेवढंच भरलेलं, पण गवळ्यानं पाणी घातलेलं. रक्तातला लाल पदार्थ, हिमोग्लोबिन, कमी पडतो. बाईत तो बाराच्या खाली गेला की पंडुरोग. बहुतेक वेळा लोह कमी पडलेलं असतं. लोहाची गोळी काही महिने घ्यायची, चहाबरोबर नाही, लिंबाबरोबर. शौच काळी होईल, घाबरायचं नाही. आणि रक्त जातंय कुठे, पाळीतून की पोटातून, ते शोधायचं.

दुसरा नमुना सलाईन. ‘डॉक्टर, अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा.’ हैदराबादेत म्हणतात ग्लुकोज चढाओ. एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, ही सलाईन. जुलाबानं, उलट्यांनी शरीर सुकलं असेल, तोंडावाटे काही टिकत नसेल, तिथे ती जीव वाचवते. नुसत्या थकव्याला तिच्यात काही नाही.

आता एक मागणं. इसामिया बाजारातलं आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ पासून पुस्तकं सांभाळतंय. दुखण्याचे शब्द मात्र कुणी सांभाळलेले नाहीत. ते माजघरात आहेत आणि आज्यांबरोबर जाताहेत. दाराशी टेबलावर मी कोरे कागद आणि पेनं ठेवायला सांगितली आहेत. तुमच्या घरात, तुमच्या गावाकडे दुखण्याला, तापाला, चकरेला, पोटाला जो शब्द वापरतात तो लिहा आणि त्यापुढे एका ओळीत लिहा, तो नेमका कधी वापरतात. परभणीचा असो, बिदरचा असो, काचीगुड्याचा असो. आजी घरी असेल तर तिला विचारून उद्या आणून द्या. शुद्धलेखनाची काळजी करू नका, मी डॉक्टर आहे, कुठलंही अक्षर वाचता येतं.